थोरले भावजी

“ह्याच्या आधी कुणी डॉक्टरनी बघितलंय काय हिला?” मिरजेच्या मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं आपल्या कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, आणि चंद्राकाकीनं डोक्यावरचा पदर सारखा करत चटकन सांगून टाकलं, “न्हाई बगा. कुनीच न्हाई.”

आकाराम तिच्या शेजारीच उभा होता. काखेत कपड्यांचं गाठोडं, पायांत धुळीनं भरलेले बूट. तो स्वतः डॉक्टर होता. चौदा वर्षं मोंबासात डॉक्टरकी करून दसऱ्याच्या सुमाराला लांबलचक रजेवर गावी आला होता. आणि आत खाटेवर धापा टाकत बसलेल्या हरणाबाईला, म्हणजे धाकट्या भावाच्या, जोतीरामच्या बायकोला, संक्रांतीच्या आधी त्यानंच तपासलं होतं. काकी तेव्हा तिथंच होती. ‘मी बघितलंय’ एवढं म्हणायला असा किती वेळ लागतो? पण शब्द ओठापर्यंत आले आणि तिथंच बसकण मारून राहिले. तरुण डॉक्टर मान हलवून आत गेला. त्याच्यामागं हिरवं दार दोनचारदा मागंपुढं झालं आणि थांबलं.

काकीनं आपली अब्रू राखली, असं त्याला वाटलं. आफ्रिकेहून आलेल्या डॉक्टरला घरातलं दुखणं कळलं नाही, हे परक्यापुढं कशाला, असा तिनं विचार केला असणार. ती तशी धोरणी बाई. पण दुसऱ्यानं झाकलेली आपली अब्रू फार टोचते. त्या पोरसवदा डॉक्टरनं नळी लावली न लावली तोच सांगितलं होतं, काळजाची झडप आवळत गेलीय, दुखणं बऱ्याच वर्षांचं आहे, त्यात पाचवा महिना. आणि आकारामनं? त्यानं ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, “काय झालेलं न्हाई. काळीज घोड्यासारखं हाय.” शिकाऊ पोरालाही चुकू नये अशी ती घरघर त्याच्या कानातून निसटली होती. बाकावर बसून त्यानं उजव्या कानाशी चुटकी वाजवून पाहिली, मग डाव्या. पलीकडची एक म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघायला लागली, तेव्हा त्यानं हात खाली घेतला. कान गेला की काय आपला? चाळिशी नुकती उलटली होती. डॉक्टरचा कान गेला म्हणजे राहिलं काय? मग इथं राहावं की परत जावं, हा जो घोर त्यानं चार महिने उराशी बाळगला होता, त्यालाही काही अर्थ उरत नव्हता.

फिनेलचा वास येत होता. मोंबासाच्या रेल्वे इस्पितळात अगदी हाच वास येई, आणि गंमत अशी की त्या वासानं त्याला आत्ता घरची आठवण आल्यासारखं झालं. घर म्हणजे कुठलं, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं. तिथं तसं काही कमी नव्हतं. एका बोहऱ्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, खिडकीतून दिसणारी समुद्राची पट्टी, संध्याकाळी दीपगृहाकडे सगळ्या हिंदी मंडळींबरोबर एक चक्कर. पंजाबी फिटर, गुजराती दुकानदार, बंदरावरचे हमाल, त्यांच्या बायका, सगळे येत. मान देत. पण दुखणं सांगत ते बोटानं. इथं दुखतं, तिथं दुखतं. त्याच्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत दुखण्याला एकच शब्द होता आणि तो सगळ्या अंगाला पुरवावा लागे. मग पेशंट गेल्यावर तो कधीकधी हात पुसत मनातल्या मनात आपले शब्द मोजत बसे. कळ वेगळी, चमक वेगळी. ठणका वेगळा, शिणक वेगळी. मुरडा, भगभग, कालवाकालव. आपल्या गावच्या बाया समोर बसल्या आहेत आणि “आवं डाक्टर, हितनं अशी चमक निगती आन पार हितवर जाती” असं सांगतायत, आणि आपल्याला न विचारता सगळं कळतंय, असं चित्र तो रंगवी. माणसं पैशाची स्वप्नं बघतात, बंगल्याची बघतात. ह्याचं स्वप्न हे असलं. त्याची बायको सुलाबाई बाळंतपणात तिथंच गेली. तापाच्या ग्लानीत ती गावचं काहीबाही बोलत होती, विहिरीचं, शेरडांचं, आणि सगळ्या इमारतीत ते समजणारा हा एकटाच होता. शेवटचं न्हाऊमाखू खालच्या बोहऱ्याच्या बायकांनी घातलं. फार मायेनं घातलं. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत कुणी मराठी बोललं नव्हतं.

म्हणून जोतीरामनं बोलावलं तेव्हा तो उड्या मारतच आला, असं म्हटलं तरी चालेल. गाव कडेगावच्या पलीकडं, उसाचं. बाप नाथाजी पलटणीत हवालदार होता. बसऱ्याच्या लढाईत कुण्या गोऱ्या डॉक्टरनं त्याचा पाय वाचवला, तेव्हा त्यानं तिथल्या तिथं ठरवलं की थोरल्याला डॉक्टर करायचा. बापाच्या त्या पायापायी पोरगा मुंबईला शिकला आणि तिथून आफ्रिकेला गेला. गावाला मात्र डॉक्टर होता तो कोकणातून आलेला. आठवले डॉक्टर. वीस वर्षं गावात राहिला, घोड्यावरून वाड्यावस्त्या फिरला, निम्मं गाव त्याच्या हातावर जन्मलं. गेल्या माघात दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आठवल्यांचं घर पेटलं. बायकामुलं मागच्या दारानं काढून कुणीतरी त्यांना सर्व्हिस मोटारीत बसवलं. पुण्याला गेले म्हणतात. “आमी न्हवतो त्यात, दादा. भाईरगावची मानसं हुती,” जोतीरामनं त्याला पहिल्याच दिवशी, न विचारता, सांगितलं होतं. गावात जो भेटला त्यानं हेच सांगितलं. काळवंडलेल्या भिंतीत एरंड उगवला होता. त्या वाटेनं जाताना सगळ्यांचीच चाल जरा भरभर होई, आकारामचीही झाली.

जोतीराम मनानं मोठा. थोरल्या भावासाठी त्यानं रस्त्याकडेला दोन खोल्यांचा दवाखाना बांधून तयार ठेवला होता. मंगलोरी कौलं, शहाबादी फरशी, बाहेर बायांना बसायला वेगळा कट्टा. पहिल्या दिवशी पेढे वाटले. गडीमाणसं येऊ लागली. कुणी ताकदीचं इंजेक्शन मागायला, कुणी पाठीत धरलंय म्हणून, आणि म्हातारे नानासो सुभेदार तर पारावर यावं तसे रोज सकाळी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून घ्यायला. बायांचा कट्टा रिकामा. आकारामनं वाट बघितली. दिवाळी झाली. मग सासवा येऊ लागल्या, एकट्याच. “सुनंच्या पोटात दुकतंय. गोळी दे,” म्हणायच्या. “तिलाच घिऊन या की.” “आरं बाबा, तू चुलत सासरा लागतूस तिचा. तुज्याम्होरं त्वांड उगडंल व्हय ती?” हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं आणि विसरलं होतं. ह्या गावात तो कुणाचा थोरला दीर होता, कुणाचा चुलत सासरा, कुणाचा मामेसासरा. भावकीचं आणि गावकीचं जाळं इतकं दाट की त्यातून सुटलेली सून सापडणं मुश्कील. तो वाटेनं निघाला की बाया घागरी घेतल्या घेतल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. दवाखान्यात स्वतःच्याच दारातून आत जाताना त्याला खाकरावं लागे. लेकी तेवढ्या सुटलेल्या. माहेराला आलेल्या लेकी डोक्यावरचा पदर मागं टाकून बिनधास्त येत, जीभ दाखवत, थट्टा करत. बाकी गाव त्याच्यापुरतं पाठमोरं होतं. “पिकतं तितं इकत न्हाई, डाक्टर,” नानासो हसून म्हणाले. “आटवल्याचं ब्येस हुतं. त्यो कुनाचा दीर न्हाई न् सासरा न्हाई.” बोलून गेले आणि मग बराच वेळ दंडावरच्या पट्ट्याकडे बघत राहिले.

आणि घरात हरणाबाई. तिच्या हातची भाकरी तो चार महिने खात होता आणि तिचा चेहरा त्यानं पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. ताट सोप्यात येई ते काकीच्या हातून. हरणाबाई म्हणजे दारापलीकडची बांगड्यांची किणकिण, जात्याची घरघर. पण डॉक्टरचा कान तो. दळताना जातं मध्येच थांबतं, आणि फार वेळानं सुरू होतं, हे त्याच्या ध्यानात आलं. विहिरीवरून येताना घागर दोनदा टेकवल्याचा आवाज येतो. रात्री खोकला, कोरडा, बसून खोकल्यासारखा. आडवी झोपत नसावी. पलंगावर पडल्या पडल्या तो मधल्या भिंतीला कान देई, आणि आपण भावाच्या बायकोचा श्वास मोजतोय हे मनात आलं की कूस बदली. शेवटी एका सकाळी त्यानं जोतीरामला सांगितलं, हिला तपासायला पाहिजे. दवाखाना बांधणाऱ्या, सुधारलेल्या, रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या जोतीरामचा चेहरा एकदम पडला. “दादा, तुमी थोरलं दीर. मला काय न्हाई वो. पर ती मेली तरी यायची न्हाई तुमच्याम्होरं.” मग मिरजेला ने, आकाराम म्हणाला. त्यावर जोतीराम आणखीच अवघडला. घरात आफ्रिकेचा डॉक्टर असताना बायको मिरजेला नेली, तर गाव काय म्हणेल? दवाखान्यावर मग कोण विश्वास ठेवील?

तेव्हा ती युक्ती निघाली. युक्ती आकारामचीच. आपल्या तपासायच्या नळीला त्यानं रबराची लांब नळी जोडली, माजघराच्या दाराआड बायका बसल्या, आणि दाराच्या फटीतून नळीचं तोंड आत गेलं. काकीनं आतून ते जागेवर धरायचं, त्यानं बाहेरून सांगायचं. डाव्या अंगाला. जरा खाली. आता श्वास सोडायला सांगा. तो जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. लांबलेल्या रबरातून आवाज जरा बद्द येत होता, पण येत होता. स्वच्छ, घट्ट, तालात. इतका निरोगी की त्याला ऐकतच राहावंसं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा गावातली एक सून आपल्याला काही सांगतेय, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याचे डोळे भरून आले. खोकला मग घशाचा असेल, दम अशक्तपणाचा. त्यानं लोहाचं औषध दिलं, आणि घोड्यासारखं काळीज म्हणून सांगितलं. त्या दिवशी जेवताना त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पाडव्यानंतरची बोट सोडून द्यायची आणि इथंच राहायचं, असं त्यानं त्याच ताटावर ठरवलं.

डॉक्टरनं बरं आहे म्हटल्यावर हरणाबाईला कुणी बसू देईना. माघात गुऱ्हाळ लागलं. चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडांचा भारा घेऊन जाताना ती कोसळली. आकाराम धावत गेला तेव्हा बायांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं होतं, आणि तो येतोय हे दिसताच कुणीतरी पहिलं काम काय केलं, तर तिच्या तोंडावर पदर ओढला. श्वासासाठी तडफडणाऱ्या बाईच्या तोंडावर. त्यानं तो हिसकून काढला. जोतीरामनं मान फिरवली. ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस, आणि दोन्ही गालांवर ती जांभळट लाली, जी घरात सगळे म्हणत होते की पोटुशीपणामुळं रंग उजळलाय. एका नजरेत त्याला सगळं कळलं. कधी कळलं, तर चेहरा दिसल्यावर. पण कान? कानानं का नाही सांगितलं?

हेच पुन्हा पुन्हा मनात येत होतं, म्हणून तो इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडला आणि वाट फुटेल तिकडं चालू लागला. मिरजेत भर दुपारची सुस्ती होती. दर्ग्याकडच्या गल्लीत तंबोरे करणाऱ्यांची दुकानं. दारात वाळत टाकलेले भोपळे, लाखेचा वास. एक कारागीर भोपळ्यावर बोटानं टिचक्या मारून कान लावत होता. आकारामही पेशंटच्या पाठीवर अशाच टिचक्या मारी. तो थांबून ऐकायला लागला. ह्या भोपळ्याचा आवाज त्या भोपळ्याहून जड, हा तडकलेला. त्याला सगळं नीट ऐकू येत होतं. कान शाबूत असेल, तर चूक कानाची नव्हती. मग ती काळजाची होती, माणसाची होती. आपण चौदा वर्षांचा हावरेपणा घेऊन दाराशी बसलो होतो. जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. असंही होतं डॉक्टरांचं. कारागिरानं मान वर करून “काय पायजे, साहेब?” असं विचारलं, तेव्हा तो पुढं निघाला.

परत आला तेव्हा बाकावर मनुबाई बसली होती. काकीची लेक, त्याची चुलत बहीण. दिली कोरेगावकडं, पण संक्रांतीच्या आधीच माहेरी आली ती अजून गेली नव्हती. भाकरीचं फडकं मांडीवर ठेवून ती रडत होती. आकाराम शेजारी बसला आणि स्वतःशी बोलावं तसं बोलला, की माझं चुकलं, मला ऐकू आलं नाही. मनुबाईनं डोळे पुसले.

“दादा,” ती म्हणाली, “त्ये माजं काळीज हुतं.”

त्याला कळलं नाही.

“आयनं नळी माज्या छातीवर धरली हुती रं. वयनी कोपऱ्यात बसली हुती, पदर तोंडात कोंबून. दिराला काळीज कसं ऐकू द्यायचं, म्हनली. तू माजा भाऊच. माजं ऐकलंस तर काय बिगडतंय, असं आय म्हनली. मला वाटलं, दादाला नुसतं ऐकायचंय. मला काय ठावं, त्यावर औषीद ठरतंय म्हनून?”

आकारामला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर सुटका. आपला कान गेलेला नाही. आपलं काही चुकलेलं नाही. आनंदाची एक लाट अंगभर गेली, आणि ती ओसरायच्या आत त्याला स्वतःची किळस आली. आत एक बाई मरायला टेकली होती आणि हा आपला कान चाचपत बसला होता. मग राग आला. काकी हौदावर तोंड धुऊन येत होती. तो उठून तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला. काकी घाबरली नाही. तिनं ओले हात पदराला पुसले.

“मी डाक्टरला खोटं काय सांगितलं? कुनीच न्हाई बगितलं म्हनले. बगितलंस का तू तिला? सांग की.” मग तिचाही आवाज फाटला. “आरं, माजं सासरं मेलं तरी मी त्येंचं त्वांड न्हवतं बगितलं. पायाकडनं फुलं वाहिली. तिची लाज राकायची म्हनून केलं बाबा. घरात तुज्या हाताखाली ऱ्हायाचं तिला. काळीज दिलं म्हंजी ऱ्हायलं काय मागं?”

काकीनं मनुबाईच्या मांडीवरचं फडकं सोडून भाकरी त्याच्या हातात दिली आणि त्यानं ती खाल्ली.

हरणाबाई वाचली. बाळ राहिलं नाही. औषधानं दम हळूहळू बसला, पायांची सूज उतरली. आकाराम रोज वॉर्डाच्या दारापर्यंत जाई आणि तिथंच थांबे. आतलं त्याला दिसे. तो तरुण डॉक्टर आला की ही उठून बसे, पदर मागं सारी, नळी लावून घेई, त्यानं विचारलेलं सगळं सांगे. लांबून ओठ हलताना दिसत. कशी सांगत असेल? कळ म्हणत असेल की चमक? त्या पोराला त्यातलं निम्मं तरी कळत होतं की नाही कोण जाणे, पण त्यानं तिला वाचवलं होतं. आणि आकाराम दिसला रे दिसला की ती भिंतीकडे तोंड करी. त्याला मत्सर वाटला. चाळिशी उलटलेल्या माणसाला एका परक्या पोराचा असा मत्सर वाटावा, याचं त्याला हसू आलं, पण मत्सर गेला नाही.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी काकीनं त्याला आत बोलावलं. म्हणाली, तिला काहीतरी सांगायचंय. हरणाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, पाठ नुसती दिसत होती, त्या पाठीतून श्वास वरखाली होत होता. काकी मध्ये उभी राहिली, निरोप इकडून तिकडे पोचवायला. पण हरणाबाई काकीशी बोललीच नाही. भिंतीशी बोलली. आवाज घोगरा, दमानं तुटलेला. हा तो आवाज.

“थोरलं भावजी, आमी आटवलं डाक्टरला समदं सांगत हुतो. काय बी न लपवता सांगत हुतो. माजं ह्ये दुकनं बी त्येंनलाच ठावं हुतं, घरात कुनाला न्हाई. वज्जं उचलू नगंस, म्हनलं हुतं त्येंनी. त्येंचं घर प्येटलं तवा आमी समद्या बाया दार लावून आत बसलो. एकीनंबी तोंड उगाडलं न्हाई. आता आमाला कोन?” ती थांबली. काकी चुळबुळली. “तुमी द्येस सोडून जाऊ नगा. पर आपल्या गावात ऱ्हाऊ नगा. जितं तुमाला कुनी भावजी म्हनत न्हाई, तितं जावा. तितल्या बाया दावतील तुमाला. हितं ऱ्हायला तर आमी अशाच मरू, तुमच्या शेजारच्या खोलीत.”

एवढं बोलून तिला धाप लागली. त्यानं पुढं होऊन नाडी बघावी की नाही? हात पुढं झालाही होता. काकीनं नुसतं त्याच्या हाताकडे बघितलं. तो हात मागं घेऊन बाहेर आला.

गावात राहणार नाही, दुसरीकडं दवाखाना काढणार, हे जोतीरामला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. सांगलीच्या मोटारतळावर, बाया मोटारीत बसल्यावर, चहाच्या टपरीवर त्यानं सांगितलं. जोतीरामनं बशीतला चहा तसाच ठेवला. “मग त्या दोन खोल्या म्या कुनासाटनं बांदल्या?” असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मोंबासाला जातो म्हणाला असता तर मी समजलो असतो, दादा. पोटापाण्याचं असतं माणसाचं. पण चार मोटारी बदलायच्या अंतरावर जाऊन परक्यांची सेवा करणार आणि सख्ख्या भावाच्या दारी कुलूप? गावाला मी काय सांगू? आकारामकडं ह्याचं उत्तर होतं, पण ते उत्तर म्हणजे जोतीरामची बायको होती, आणि तिचं नाव त्याला थोरल्या दिराच्या तोंडून घेता येईना. मोटार भरली. जोतीराम पाया पडला, रीतीप्रमाणं, आणि वर न बघता चढून बसला. बोट त्याच आठवड्यात सुटली, आकारामशिवाय. त्यानंतर त्यानं जतच्या अलीकडं, कोरड्या माळावरच्या एका बाजारच्या गावात, एक खोली भाड्यानं घेतली.

तिथं ऊस नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं. मेंढरं, बाभळी, निम्मी बोली कानडी. पहिला आठवडा कुणी फिरकलं नाही. मग एका बाजारच्या दिवशी दुपारी एक धनगराची म्हातारी दारात येऊन उकिडवी बसली. तिच्यामागं तिची सून, दाराकडे पाठ करून, पदर गळ्यापर्यंत ओढलेला. आकारामनं आत बोलावलं. म्हातारी जागची हलली नाही. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चंचीतून पान काढलं, आणि चौकशी सुरू केली. तिला घाई नव्हती. तो कुणाचा कोण, हे माहीत करून घेतल्याशिवाय ती सुनेला आत पाठवणार नव्हती.

“गाव कंचं म्हनायचं?”

“लांब. पार कडेगावच्या तिकडं.”

“तिकडं आमची मेंढरं जात्यात उनाळ्याची. वळक हाय लय. कुनाचा तू? बाप कोन?”

“बाप गेला.”

“आय?”

“तीबी गेली.”

“बायकू हाय का न्हाई?”

“न्हाई. ती समुद्रापलीकडं वारली.”

म्हातारी हळहळली. पानाला चुना लावताना तिचं बोट थांबलं. सूनही ऐकत असावी. तिची पाठ जराशी वळली होती.

“मग भाऊ-बीऊ असंल की एकांदा. कोन हाय? म्हंजी वळक लागती का बगू.”

मोटारीत चढून बसलेला जोतीराम त्याला दिसला. खाली घातलेली मान दिसली. ह्या म्हातारीची मेंढरं उन्हाळ्यात कुणाच्या रानात बसत असतील, कुणाला ठाऊक. एकदा नाव सांगितलं की ती बोटं मोजत, घरं जोडत, कुठूनतरी त्याला कुणाचा तरी सासरा करून टाकणार, आणि ती पाठ पुन्हा भिंत होणार.

“न्हाई,” आकाराम म्हणाला. “भाऊ न्हाई. कुनी न्हाई मला.”

म्हातारीनं पान तोंडात टाकलं. तिचा जीव आता थाऱ्यावर आला होता. ती मागं वळली आणि सुनेच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, “ऊट गं, जा आत. दाव त्येला. ह्यो कुनाचाबी न्हाई.”